लाइटरूम ठीक आहे, डिस्क आजारी आहे

प्रश्न : माझ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मारबत, तान्हा पोळा, पेंच, घरची लग्नं असे सगळे फोटो आहेत, आणि मी ते लाइटरूम क्लासिक या फोटो लावायच्या-एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षावार लावून राहिलो होतो. आता फोल्डरवर प्रश्नचिन्ह येते, काही फोटो खालून राखाडी दिसतात, डिस्क मधेच गायब होऊन परत येते. लाइटरूम काढून परत टाकून पाहिलं, फरक नाही. मुलगा म्हणतो नवीन कॅटलॉग बनवा. काऊन होत असंल असं?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नवीन कॅटलॉग बिलकुल नका बनवू भाऊ. आधी लाइटरूम बंद करा, डिस्क सेफली रिमूव्ह करून काढा आणि मग पुढचं वाचा. कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच, कोणता फोटो कुठे आहे, त्याला किती स्टार दिले, काय एडिट केलं एवढ्याच नोंदी असतात. डिस्क दिसेनाशी झाली की तो प्रश्नचिन्ह दाखवतो, म्हणजे तो बिचारा खरंच सांगून राहिला आहे. आणि चिडून ते न सापडणारे फोटो कॅटलॉगमधून काढले तर तुमचं एडिटिंगही त्यांच्यासोबत गेलं.

अर्धा राखाडी फोटो म्हणजे जेपेग फाइलचा वरचा भाग वाचला गेला, पुढे बहुतेक खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा वाचता न येणारा तुकडा, लागला. तरी आधी केबल बदलून बघा, त्या चपट्या रुंद पिनेच्या केबली लवकर ढिल्या होतात, यूएसबी हबही मधात नको. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर लावा. त्यात करंट पेंडिंग सेक्टर किंवा अनकरेक्टेबल सेक्टर यांची रॉ व्हॅल्यू शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर भरवसा संपला. फक्त सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक जोडणीचा.

डिस्कच खराब निघाली तर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहायला लागतं. जुन्या डिस्कपेक्षा मोठी नवीन डिस्क घ्या आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कसाठीच्या प्रोग्रामने अख्खी कॉपी काढा. ते नीट वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेला शेवटी, आणि कुठवर काम झालं त्याची मॅप फाइल ठेवतं म्हणून मधात थांबलं तरी तिथूनच पुढे चालतं. हे जमत नसेल तर निदान सगळ्यात जिवाचे फोल्डर आधी कॉपी करा, थोडे थोडे. टकटक आवाज येत असेल तर मात्र काहीच करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हो म्हणा आणि विसरून जा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि बऱ्याच एक्स्टर्नल डिस्क ३५ डिग्रीपर्यंतच्याच हवेसाठी बनलेल्या असतात, त्यामुळे हे काम एसीच्या खोलीत नाहीतर पहाटे पंख्याखाली करा, कूलरसमोर नको, ती दमट हवा वेगळंच काम लावेल.

कॉपी झाली की जुनी डिस्क काढा आणि नवीनला तेच ड्राइव्ह लेटर (E:, F: असं अक्षर) द्या. फोल्डरांची नावं, रचना जशीच्या तशी असली तर लाइटरूमला बदल कळतही नाही. नाहीतर प्रश्नचिन्हवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' मधून नवीन जागा दाखवा.

प्रश्न : माझ्याही डिस्कचं असंच होऊन राहिलं आहे, जागा कमी आहे म्हणून कॉपीच्या आधी डुप्लिकेट उडवू का? आणि फोटोरेक या फायली परत मिळवायच्या सॉफ्टवेअरने आणलेल्या फोटोंची नावंच गेली, त्यांचं काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : डुप्लिकेट आत्ता नका उडवू ताई. ते शोधणारं सॉफ्टवेअर ढीगभर फायली वाचून काढतं, म्हणजे डिस्कला अजून दमवतं, आणि एकाच नावाच्या, एकाच साइजच्या दोन फायलींमधली एक आतून फुटलेली असू शकते, नेमकी चांगली उडाली तर? फोटोरेक नावं आणि फोल्डर वाचवत नाही, पण फोटो काढल्याची तारीख फाइलच्या आतच असते, ती एक्झिफटूल या प्रोग्रामने वाचून वर्ष-महिन्याचे फोल्डर आपोआप बनवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंमध्ये ती तारीख सहसा उरत नाही, ते बाजूला काढून हातानेच लावावे लागतील.