‘चव गेली’ म्हणावे की ‘वास गेला’?

प्रश्न असा आहे : सर्दीने नाक चोंदले किंवा कोविडमध्ये वास येईनासा झाला की आपण ‘तोंडाची चव गेली’ असे म्हणतो, प्रत्यक्षात बिघाड नाकात असतो, तर हा प्रयोग अशुद्ध मानावा का, आणि ‘चव’, ‘रुची’, ‘स्वाद’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

प्रयोग अशुद्ध नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण ‘लागणे’ या क्रियापदात आहे. वास ‘येतो’ आणि चव ‘लागते’, हे आपण न शिकवता शिकतो. पण बेसन भाजले जात असताना ‘खमंग वास येतो’ म्हणणारा माणूस त्याच बेसनाचा लाडू तोंडात घातल्यावर ‘खमंग लागतो’ म्हणतो. तेल खवट लागते, तळाशी लागलेले दूध करपट लागते, जुनाट पीठ कुबट लागते. हे सगळे गुण प्रामुख्याने नाकाने कळणारे आहेत, तरीही घास तोंडात गेला की मराठी त्यांना ‘लागणे’ लावते. म्हणजे मराठीत ‘चव’ हे केवळ जिभेच्या संवेदनेचे नाव नसून खाताना जे जे लागते त्या सगळ्याचे नाव आहे.

शरीराची रचनाही याला दुजोरा देते. जिभेवरच्या रुचिकलिका गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शात किंवा पिकल्या टोमॅटोत लागते तशी भरीव चव) एवढेच भेद ओळखतात; यांतला उमामी हा पाचवा किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली दाखवून दिला. बाकीचा सारा तपशील घास चावताना सुटणाऱ्या गंधद्रव्यांतून येतो : ती घशाच्या मागच्या वाटेने नाकाच्या वरच्या भागात पोहोचतात, आणि तिथे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही त्यांची वाट पाहत असतात. नाकपुड्या चिमटीत घट्ट धरून गुळाच्या खड्याबरोबर वेलदोड्याचे चार दाणे चावून पाहा. गोडवा पुरेपूर लागेल, फार तर दाण्यांचा किंचित थंडावा जाणवेल. वेलची मात्र कळणार नाही. तोंड मिटलेलेच ठेवून नाक सोडले आणि श्वास बाहेर टाकला, की त्या क्षणी वेलची ‘लागते’, आणि ती जिभेवरच असल्याचा भास होतो. हा भास मेंदू घडवतो, कारण तो जिभेकडून आणि नाकाकडून आलेली माहिती एकत्र करून तोंडातल्या घासाशी जोडतो.

तिखटाची गोष्ट निराळी आहे. षड्रसांत ते गणले गेले असले (संस्कृतात त्याला ‘कटु’ म्हणतात, आणि आपल्या ‘कडू’ला ‘तिक्त’), तरी मिरचीचा दाह उष्णता आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंमार्फत कळतो. म्हणून गंधज्ञान गेलेल्या माणसाला ठेचा झोंबतो, पण त्यातला लसूण ओळखू येत नाही. वरणभातावर पिळलेले लिंबू आंबट लागते, मीठ कमी पडले तर तेही समजते, आणि फोडणीतला हिंग व वरची तुपाची धार मात्र असून नसल्यासारखी होते. अशा माणसाच्या जेवणाला ‘अळणी’ म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण अळणी म्हणजे मीठ नसलेले, आणि मीठ त्याला पूर्ण कळते. ‘सपक’ त्याच्या जास्त जवळ जातो. त्याच्या बाजूने बोलायचे तर ‘बेचव’ हाच नेमका शब्द.

‘रुची’बद्दल सावध राहावे. ‘रुच्’ या धातूत आवडण्याचा अर्थ आहे, त्यामुळे ‘अरुची’ म्हणजे अन्न नकोसे होणे. तापात किंवा काविळीत माणसाला वास येत असूनही अन्नावर वासना नसते. उलट वास गेलेल्याला कडकडून भूक लागलेली असू शकते. दोन्हींना ‘तोंडाला चव नाही’ म्हटले जाते, पण दुखणी वेगळी आहेत.

शास्त्रीय लेखनात भेद करणे भागच असेल, तर जुनी परिभाषा हाताशी आहे. जिभेने कळणारा गुण तो रस आणि नाकाने कळणारा तो गंध, अशी व्याख्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात आहे. तेव्हा जिभेपुरते बोलताना ‘रस’ किंवा ‘रससंवेदना’, वास घेण्याची शक्ती गेल्यास ‘गंधज्ञान जाणे’, आणि रस, गंध, दाह, स्पर्श यांच्या एकत्रित अनुभवाला ‘स्वाद’ अशी वाटणी मी सुचवेन. बोलताना स्वाद आणि चव समानार्थी राहिले तरी काही बिघडत नाही.

रुग्णाची विचारपूस करणाऱ्याने मात्र ‘चव गेली’ या उत्तरावर थांबू नये. कोविडमध्ये काहींची जिभेची संवेदनाही खरोखर मंदावली होती, त्यामुळे ‘साखर गोड लागते का, मीठ खारट लागते का?’ हे वेगळे विचारावे. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तपासणी नाकापासून सुरू करावी.