मुधोळ कुत्रं आणि तीन वर्षांची लेक

ताई, खानापूरच्या घरी मुधोळ आणलाय, तर कुत्र्याआधी लेकीला शिकवा. ही जात शिकारीची, पळत्या गोष्टीमागं धावणारी. पोरगी किंचाळत अंगणात पळाली की तोही सुटणारच. म्हणून "कुत्रा अंगावर आला की झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी" हा खेळ रोज तिच्याशी खेळा.

तिचा हात आपल्या हातात धरून त्याच्या खांद्यावरून, केसांच्या दिशेनं फिरवा. मिठी नको, शेपटी नको. तो भाकरी खाताना किंवा झोपलेला असताना जवळ जायचं नाही, हे तर पक्कंच.

त्यानं तोंड फिरवलं, ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला की लेकीला लगेच बाजूला घ्या. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, माझं हे नक्की ऐका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो.

दूध उतू जातंय म्हणूनसुद्धा दोघांना एकटं सोडू नका. दात किंवा नख लागलंच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.