इंदुरात जुनी कॉम्प्युटरची पुस्तकं आणि मॅन्युअलं कुणाला द्यावीत?

तुम्ही लिहिलंय की बाबांची १९८५ ते २००० च्या दरम्यानची कपाटभर पुस्तकं आहेत आणि रद्दीवाल्याला द्यायला हात धजत नाही. माझं मत: सगळा गठ्ठा एकाच ठिकाणी देऊ नका. घेणारा तो न उघडताच कोपऱ्यात टाकतो.

सी, डेटा स्ट्रक्चर, ८०८५ अशी पाठ्यपुस्तकं लगेच खपतात. ८०८५ ही १९७६ ची चिप, पण अजूनही शिकवतात. ओळखीतला कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असेल तर थेट त्यालाच द्या, नाहीतर जुन्या पुस्तकांचा खजुरी बाजार आहेच. तिथे भाव मात्र फार धरू नका, ‘भिया, ये तो पुराना एडिशन है’ ठरलेलं. वर्डस्टार, लोटस, विंडोज ९५ अशी जुनी सॉफ्टवेअरं शिकवणारे जाडजूड ठोकळे खुशाल रद्दीत घाला. वाचनालयाच्या गळ्यात तर मुळीच मारू नका.

खरा ऐवज मॅन्युअलांमध्ये असतो. पाठ्यपुस्तकाच्या हजारो प्रती निघतात, पण यंत्राचं मॅन्युअल यंत्राबरोबरच येतं आणि बहुतेकदा त्याच्याबरोबरच भंगारात जातं. त्यामुळे एचसीएल, विप्रो, डीसीएम, ईसीआयएल या तेव्हाच्या भारतीय कॉम्प्युटर कंपन्यांचं काही असेल किंवा देवनागरीसाठीच्या जिस्ट कार्डाचं पुस्तक असेल, तर ते आधी बाजूला काढा. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं मॅन्युअल दिसलं तर मागची पानं शाबूत आहेत ना बघा. डिप स्विचचं, म्हणजे प्रिंटरची सेटिंग्ज ठरवणाऱ्या बारीक बटणांचं कोष्टक बहुतेकदा तिथेच सापडतं, आणि जुना प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कव्हरच्या खिशात फ्लॉपी असेल तर ती मॅन्युअलबरोबरच राहू द्या. तिच्यावर पांढरे डाग असतील तर ड्राइव्हमध्ये घालू नका, ती बुरशी ड्राइव्हच्या फ्लॉपी वाचणाऱ्या हेडला लागते.

मग प्रत्येकाच्या मुखपृष्ठाचा आणि आवृत्तीच्या पानाचा फोटो काढा. बिटसेव्हर्स आणि इंटरनेट आर्काइव्ह या जुनी कागदपत्रं जपणाऱ्या वेबसाइटांवर ते आधीच स्कॅन झालंय का पाहा. नसेल तर जुनी यंत्रं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर यादी टाका आणि स्कॅन करीन म्हणणाऱ्याला आधी द्या. कसर लागलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर त्याच्या कपाटातही ती पोचायची.

पाठ्यपुस्तकं बाहेरगावी पाठवायची झाली तर टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत होते, कर वेगळा. मॅन्युअलं त्यात बसतात का, ते काउंटरवर विचारा. आणि टपालखर्च घेणाऱ्याचा, हे यादीतच लिहून टाका. ‘फुकट’ म्हटलं की चौकश्या ढीगभर येतात, न्यायला मात्र कुणी फिरकत नाही.