अँथुरियमचं फूल, पिवळी पानं आणि हवेतली मुळं: तुमचे प्रश्न

प्रश्न: आणलं तेव्हा अँथुरियमला भरपूर लाल फुलं होती, ती गेल्यावर पुन्हा एकही नाही. पानं मात्र मस्त हिरवीगार आहेत. खत वाढवू का?

खत नको, आधी जागा बदला. पानं गडद हिरवी, देठ लांब लांब आणि फूल नाही, असं असेल तर बहुतेक वेळा उजेडच कमी पडत असतो. हे झाड मूळचं कोलंबिया-इक्वेडोरच्या दमट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या खाली वाढणारं, म्हणून सगळे त्याला सावलीचं झाड समजून खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात. पण जंगलातल्या सावलीत दिवसभर गाळून आलेला भरपूर उजेड असतो, कोपऱ्यात तेवढा कुठून येणार? तिथे झाड जगतं, फुलत नाही. खिडकीजवळ आणा, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं कडक ऊन नको, पानं करपतात.

आणि नवीन पान आलं की त्याच्या देठाच्या बुडाशी बघत जा, फुलाची कळी तिथूनच निघते, एका पानामागे साधारण एक. त्यामुळे नायट्रोजनवालं खत ओतून नुसती पानं फुगवू नका. फुलझाडांचं खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, महिन्यातून एकदा बास.

प्रश्न: लाल फूल हळूहळू हिरवं पडतंय. रोग आहे का?

नाही हो, वय झालंय त्याचं. तो लाल भाग म्हणजे खरं तर रंगीत पान आहे, खरी फुलं मधल्या दांड्यावर असतात, अगदी बारीक, जवळून बघा, आधी त्यांच्यावर चिकट थेंब दिसतात आणि नंतर परागकणांची पावडर. कुंडीत हा रंग 6 ते 8 आठवडे सहज टिकतो. हिरवं पडलं की देठ बुडापासून कापून टाका.

प्रश्न: रोज न चुकता पाणी घालते तरी पानं पिवळी पडून मान टाकतायत.

ताई, रोज घालताय म्हणूनच. मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि वाईट वाटतं कारण ही झाडं काळजीपोटीच मरतात. अँथुरियम जंगलात बऱ्याचदा दुसऱ्या झाडांच्या खोडावर वाढतं, त्याच्या जाड मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि आपण त्याला बागेच्या चिकट मातीत ठासून बसवतो, मग मुळं गुदमरतात, कुजतात, कुजली की पाणी ओढत नाहीत, पानं मलूल होतात आणि आपण तहान लागली समजून अजून पाणी घालतो. आजच कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरट, टणक असतील ती चांगली. तपकिरी, मऊ, दाबल्यावर साल हातात येणारी सगळी कापा, स्वच्छ कात्रीनेच. मग कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे), पाइन बार्क (पाइन झाडाच्या सालीचे तुकडे), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं भरड मिश्रण घ्या, कुंडी मुळांपेक्षा जराशीच मोठी, खाली भोकं हवीतच. यापुढे बोट घालून बघायचं, वरचा इंचभर थर सुकला की भरपूर पाणी, बशीत साचलेलं लगेच ओतून द्यायचं. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, नवीन पान कसं येतंय ते बघा.

प्रश्न: घरात मांजर आहे, चालेल का?

तिच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते. लहान मुलांनाही तेच. चावलंच तर लगेच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: झाड जुनं आहे, खोड उंच झालंय, खालून उघडं, आणि खोडातून मुळं बाहेर आलीत.

ती मुळं कापू नका, तुमच्या कामाची आहेत. दोन-तीन चांगली मुळं येतील अशा ठिकाणी खोड त्या मुळांच्या खाली कापा, वरचा भाग मुळांसकट नवीन कुंडीत लावा आणि काही आठवडे उन्हापासून लांब ठेवा. खालचा बुंधा फेकू नका, त्याला बाजूने कोंब फुटतात.