आई-बाबा आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन कोलोनच्या कार्निव्हलची मिरवणूक बघायला जावं का? आणि वेश करावाच लागतो का?

जा. आणि वेश कराच. तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण आमच्या घरी सगळा घोळ त्याच्यावरूनच झाला होता.

आम्ही ऱ्हाइनच्या उजव्या काठाला राहतो. कॅथेड्रल, जुनं शहर, सगळा मान डाव्या काठाला; आमच्या काठाला तिकडचे लोक थट्टेने ‘शेल सिक’, म्हणजे वाकडी बाजू म्हणतात. सोमवारची मोठी मिरवणूक, रोझेनमोंटागची, आमच्याकडे कधी फिरकतसुद्धा नसे. 2023 मध्ये मात्र तिला 200 वर्षं झाली म्हणून ती पहिल्यांदाच आमच्या डॉइट्झमधून निघाली आणि पूल ओलांडून पलीकडे गेली. त्याआधीची दोन वर्षं कोरडीच गेली होती. 2021 मध्ये कोविड. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तो नेमका रस्त्यावरचा कार्निव्हल सुरू होतो तो गुरुवार, मग सोमवारी मिरवणुकीच्या जागी शांतता मोर्चा निघाला. त्यामुळे 2023 ला लोक साठवून ठेवल्यासारखे बाहेर पडले होते.

त्याच वेळी आई-अण्णा आले होते, गुहागर तालुक्यातून. फेब्रुवारीत तिकिटं स्वस्त म्हणून बोलावलं, ही माझी हुशारी. शनिवारी महाशिवरात्रीचा उपास, साबुदाण्याची खिचडी, आणि सोमवारी कार्निव्हल. (हे अगदीच योगायोगाने होत नाही. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो आणि हा सोमवार त्याच्या 48 दिवस आधी असतो, म्हणजे अमावास्येच्या आगेमागेच. अधिक महिना आडवा आला नाही तर शिवरात्र जवळच असते.)

आमची लेक मधमाशी झाली. नवरा कुर्ता-फेटा घालून ‘महाराजा’ व्हायला निघाला होता, ते मी बंद पाडलं. आपलेच कपडे सोंग म्हणून घालायचे हे मला कसंतरीच वाटतं. तो बिचारा शेवटी जोकर झाला. आईने नातीच्या हट्टाखातर मांजराचे कान लावले. अण्णा मात्र ऐकेनात. ‘या वयात सोंग घेऊन रस्त्यावर उभा राहू?’ माकडटोपी, गळ्याला मफलर, तपकिरी हाफ स्वेटर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट, पायात मोजे आणि फ्लोटर्स, अशा स्वतःच्या रूपात ते निघाले.

ट्राममध्ये चढलो आणि बघतो तर अख्ख्या डब्यात साधे कपडे घातलेला माणूस नाही. नन्स, गाजरं, पोलीस, त्यातला खरा पोलीस कोणता कळायला मार्ग नाही. अण्णांकडे सगळे बघत होते. रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर शेजारची साठीची बाई, अंगभर गायीचे ठिपके, मला म्हणाली, तुझ्या वडिलांचा वेश फार छान जमलाय, पण ते नेमके काय झालेत? मी अण्णांना विचारलं. माकडटोपी न काढता ते म्हणाले, ‘सांग तिला, पेन्शनर झालोय.’ बाईला इतकं आवडलं की तिने स्वतःचं लाल नाक काढून त्यांना लावलं. ते नाक संध्याकाळपर्यंत उतरलं नाही.

त्यानंतर मिरवणूक आम्हाला अण्णांनीच समजावून सांगितली, जर्मनचा एक शब्द येत नसताना.

रोटे फुंकेन म्हणून एक पथक आहे, 1823 सालचंच. लाल कोट, पांढरी विजार, लाकडी बंदुकांच्या नळीत फुलं. जुन्या नगररक्षक शिपायांची ही नक्कल. त्या वेळी शहरावर प्रशियाचं राज्य होतं आणि त्यांची लष्करी शिस्त लोकांच्या डोक्यावर बसली होती, तिची ही टिंगल. त्यांचा एक नाच आहे: दोन शिपाई पाठीला पाठ लावून वाकतात आणि बुडाला बूड घासतात. आईने मान फिरवली. अण्णा खो खो हसले आणि म्हणाले, ‘आपल्या शिमग्यातल्या फाकांपेक्षा बरंच सोवळं आहे हे.’ (फाका म्हणजे शिमग्यात मारतात त्या अचकट आरोळ्या.)

शेवटी राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी असं कार्निव्हलचं त्रिकूट येतं. लांब वेण्या, डोक्यावर मुकुट, आणि ही कुमारी म्हणजे बाप्या. परंपराच तशी आहे. 1938 आणि 39 मध्ये नाझींनी बाईच पाहिजे असा आग्रह धरला, तेवढा अपवाद. हे मी सांगायला तोंड उघडलं तर अण्णा आधीच बोट दाखवून ओरडले, ‘अगं, ही तर गोमू!’ आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात त्यात काळा अंगरखा, उंच टोपीचा संकासूर आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष, म्हणजे गोमू, असतो. लहानपणी अण्णा त्यांच्यामागून वाडीभर फिरले आहेत. ‘फक्त आमची गोमू पोस्त मागते, आणि ही उलट वाटतेय,’ म्हणाले.

वाटते म्हणजे अक्षरशः. गाड्यांवरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस पडतो. जोरात ‘कामेले!’ ओरडायचं, न ओरडणाऱ्याला काही मिळत नाही. फुलांच्या जुडग्या हव्या असतील तर ‘श्ट्र्यूस्यर’. ‘क्योल्ले अलाफ’ हा इथला जयघोष, तो म्हणायचा. ‘हेलाउ’ हे ड्युसेलडॉर्फचं, ते चुकूनही नको. अनुभवी लोक छत्री उलटी उघडून धरतात. आम्ही दोन कापडी पिशव्या नेल्या होत्या, चार न्यायला हव्या होत्या. चॉकलेटचा अख्खा डबासुद्धा उडत येतो, तो नवऱ्याच्या कपाळाला लागला, म्हणून मुलीला टोपी घाला आणि पुढच्या ओळीत उभं राहिलात तरी हात धरून ठेवा. घोडे असतात, गाड्या अवाढव्य असतात, बँडचा आवाज छातीत बसतो. मुलीच्या कानांना काहीतरी न्याच.

तुमची मुलगी चारच वर्षांची आहे, तर खरं सांगायचं झालं तर मी आदल्या दिवशीची, रविवारची मिरवणूक बघायला सांगेन. ती शाळांची आणि मोहल्ल्यांची असते, वेश घरी शिवलेले, फेकणारी मुलंही लहान. सोमवारची आमच्यासमोरून जायला तीन तासांहून जास्त लागले. आईला दीड तासातच बाथरूमला जायचं झालं आणि ते शोधण्यात आमची जी धावपळ झाली ती इथे लिहीत नाही. जागा निवडताना मिरवणुकीचा रस्ता नंतर बघा, ती सोय आधी बघा. घडीचं स्टूल न्या.

आणि तुमच्या घरी शाकाहारी कोणी असेल तर एक काम वाढतं. रात्री आम्ही जमिनीवर चादर पसरून पिशव्या ओतल्या. आई चष्मा लावून बसली, मी प्रत्येक पुडीवरची बारीक अक्षरं वाचायची आणि ‘जिलेटिन’ दिसलं की डावीकडे टाकायची. अस्वलं, अजगर, मऊ मऊ दिसणारं सगळं डावीकडे गेलं. उजवीकडे चॉकलेटं, वेफर आणि कडक गोळ्या. डावा ढीग नवऱ्याने ऑफिसात नेला. उजवा आम्हाला गणपतीपर्यंत पुरला.

मंगळवारी रात्री कोपऱ्यावरच्या पबबाहेर नुब्बेल जाळतात, पेंढ्याचा बाहुला, कार्निव्हलमधली सगळ्यांची पापं त्याच्या नावावर. अण्णांना दमले असतील म्हणून मी नेत नव्हते. तेच माकडटोपी आणि लाल नाक लावून दारात उभे होते.