मीमची अक्षरं आणि दादांचा गॉगल

प्रश्न : मीमवर कायम तीच जाड, पांढरी, काळ्या कडेची अक्षरं का असतात? मराठीत तसं केलं की गिचमिड होते. (एक वाचक, विटा)

उत्तर : तो इम्पॅक्ट फॉन्ट. जेफ्री ली या ब्रिटिश डिझायनरनं १९६५ मध्ये केला, तोही छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांसाठी! पुढं विंडोजबरोबर घरोघरी पोचला आणि मीमवाल्यांच्या हाती लागला. मागं बर्फ असो की म्हैस, वाचता येतंच.

पण त्यात देवनागरी नाही. सांगलीत विश्रामबागला मी फ्लेक्स करतो. ‘हार्दिक’ला जाड कड दिली की रफार वेलांटीत घुसतो, ‘शुभेच्छा’मधल्या ‘च्छा’चं पोट बुजतं. कड बारीक ठेवा, अक्षराच्या बाहेरून द्या. आणि मजकूर दोन ओळींच्या पुढं गेला, तर ते मीम नव्हे, निवेदन झालं.

फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रावर तर काही लिहूच नका. जेपेग (फोटो लहान करून साठवायचा नेहमीचा फाइल-प्रकार) दर सेव्हला ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींत तपशील गाळत जातं. तसलाच फोटो घेऊन कार्यकर्ते माझ्याकडं येतात, “वीस फुटी करा!” त्यात दादांचा गॉगल कुठला आणि भुवई कुठली, हे मला विचारू नका.