शाळेचा तोंडी नकार आणि पालकांचा लेखी अर्ज

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दिव्यांग मुलांच्या शाळेविषयी आहेत. त्यांतील तीन प्रश्न येथे घेतले असून पत्रलेखकांची आणि शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. एका खासगी विनाअनुदानित शाळेत तो दुसरीत शिकतो. वर्गात तो मधूनच उठतो, मोठा आवाज झाला की कान झाकून रडतो. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितले की, एक तर स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहून त्याला मदत करणारी व्यक्ती, ठेवा, नाही तर दाखला काढून त्याला विशेष शाळेत घाला. शाळेला असे सांगता येते का?
— एक आई, घणसोली

उत्तर : दाखला काढण्याची सक्ती शाळेला करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे तुमची शाळा त्यांपैकी आहे का, हे आधी पाहून घ्या. तशी ती असली तरी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 तिला लागू होतोच, कारण त्याचे कलम 16 शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या शाळांबरोबरच शासनमान्य शाळांनाही बांधील धरते. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणे आणि त्याला लागणारे वैयक्तिक साहाय्य पुरवणे ही त्या कलमानुसार संस्थेची कर्तव्ये आहेत. त्याच कायद्याचे कलम 31 असे सांगते की, 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. ही पसंती मुलाची आणि त्याच्या वतीने तुमची आहे, मुख्याध्यापिकांची नाही.

शॅडो टीचरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वाजवी सोयीच्या व्याख्येतच संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये अशी मर्यादा घातलेली असल्यामुळे दिवसभरासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्यास शाळा नकार देऊ शकते, असा युक्तिवाद तुम्हाला ऐकावा लागेल. मात्र ज्या सोयींना जवळजवळ खर्चच नाही, त्यांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. मुलाला खिडकीपासून दूर आणि बाईंच्या जवळ बसवणे, तास संपल्याची घंटा होण्याआधी त्याला कल्पना देणे, दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून समोर लावणे, गोंगाट असह्य झाल्यास दहा मिनिटे बसता येईल असा शांत कोपरा ठेवणे, या गोष्टी शाळेने आधी करून पाहिल्या पाहिजेत. आमच्याकडे विशेष शिक्षकच नाही, हे उत्तरही पालकाने निमूटपणे मान्य करण्यासारखे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात ही पदे किती ठिकाणी रिकामी आहेत, हे पालकांना ठाऊक आहे आणि त्याची किंमत मुले मोजत आहेत, ही अतिशय खेदाची बाब आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुम्हाला जे सांगितले गेले ते तोंडी आहे, आणि तोंडी बोलणे उद्या कोणीही नाकारू शकते. म्हणून आजच मुख्याध्यापिकांच्या नावे साधा अर्ज लिहा : ‘अमुक तारखेच्या भेटीत आपण मला शॅडो टीचर ठेवण्यास किंवा शाळा सोडल्याचा दाखला घेण्यास सांगितले. दाखला घेण्यास माझी संमती नाही. माझ्या मुलासाठी पुढील सोयी कराव्यात आणि आपला निर्णय कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.’ त्याखाली सोयींची नावे लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. कार्यालयाने पोच देण्यास टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. अनेकदा एवढ्यानेच शाळेची भाषा बदलते, कारण नकाराची कारणे कागदावर लिहून द्यायला कोणीही सहसा तयार नसते.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, तुमच्या बाबतीत नवी मुंबई महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते आणि त्यावर तीन महिन्यांत निर्णय होणे अपेक्षित आहे. त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. दिव्यांग कायद्याखालील तक्रार पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करावी. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. या कायद्याच्या उल्लंघनासाठी पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. ती तोंडी उत्तरे उत्तम देते, पण लिहिताना अक्षरे गाळते. खासगी मानसतज्ज्ञांनी डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, असल्याचा अहवाल दिला आहे. शाळा म्हणते, 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र आणा, मगच सवलतींचे बोलू.
— एक वडील, कळवा

उत्तर : येथे दोन गोष्टींची गल्लत होत आहे आणि ती फार शाळांमध्ये होते. मोफत शिक्षण किंवा उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षण यांसाठी 40 टक्क्यांची अट आहे. वर्गातील वाजवी सोयींच्या हक्काला ती अट नाही. उलट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यावर योग्य अध्यापन-उपाय योजणे हे दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार शाळेचेच काम आहे. त्यामुळे फळ्यावरचे उतरवून घेण्यासाठी जादा वेळ, चाचणीत काही उत्तरे तोंडी घेणे, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी इतर विषयांत गुण न कापणे, या मागण्या मानसतज्ज्ञांच्या अहवालाची प्रत जोडून आत्ताच करा.

दहावीच्या बोर्ड परीक्षेचे मात्र वेगळे आहे. तेथे दर तासाला 20 मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण खासगी अहवाल चालत नाही. शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते. मुंबईतील सायन रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तपासण्या एका भेटीत उरकत नाहीत आणि प्रतीक्षा लांबते, म्हणून दहावीचा फॉर्म भरण्याची वाट न पाहता याच सत्रात नाव नोंदवा. जाताना शाळेचे पत्र, मागील इयत्तांच्या गुणपत्रिका आणि मुलीच्या वह्या न्या. वह्यांतील चुकांची पद्धत तज्ज्ञांना बरेच काही सांगते.

प्रश्न : सेरेब्रल पाल्सी असलेली माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि व्हीलचेअर वापरते. चौदा वर्षांनंतर तिचा हक्क संपतो का? तिचा वर्ग यंदा दुसऱ्या मजल्यावर गेला आहे.
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : संपत नाही. चौदाची मर्यादा शिक्षण हक्क कायद्याची आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास 2016 च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क 18 वर्षांपर्यंत नेला आहे. प्रमाणपत्र नसेल तर त्यासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. वर्गाबाबत शाळेकडे लिफ्ट मागत बसू नका, कारण तेवढ्यात वर्ष निघून जाईल. तिची संपूर्ण तुकडी तळमजल्यावर आणावी, एवढीच मागणी लेखी करा. केवळ तिला एकटीला खाली ग्रंथालयात बसवण्याचा पर्याय शाळेने सुचवला, तर तो स्वीकारू नका. इतर मुलांबरोबर एकत्र शिकण्याची संधी देणे हे 2016 च्या कायद्याच्या कलम 16 मधील पहिल्याच कर्तव्यात येते. तळमजल्यावरील स्वच्छतागृहाच्या दारातून तिची खुर्ची आत जाते का, हे मात्र अर्ज देण्याआधी स्वतः मोजून पाहा आणि दाराची रुंदी अर्जात लिहा.